बसलेली स्प्रिंग

मघाशी एका पालकांनी विचारलं, "सर, रायफलीची स्प्रिंग तुटली की बदलायची ना?" तुटली तर प्रश्नच नाही, ते लगेच कळतं. घात करते ती बसलेली, म्हणजे जोर आणि लांबी कमी झालेली स्प्रिंग. गाडीचे पाटे बसतात तशी ती हळूहळू बसत जाते आणि मुलांना वाटतं, आपलाच नेम बिघडला.

मी आज फक्त ५० मीटरच्या पॉइंट टू-टू (.२२ इंच कॅलिबरच्या) रायफलीबद्दल बोलतो. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं, तो थ्री पोझिशनचा (गुडघ्यावर, आडवं पडून आणि उभं राहून नेम धरायचा) प्रकार याच रायफलीचा. ट्रिगर सुटला की बोल्टमधली (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दांड्यातली) स्प्रिंग फायरिंग पिनला पुढे फेकते आणि पिन काडतुसाच्या तळाच्या कडेवर आदळते. पेटणारा मसाला त्या कडेतच भरलेला असतो. ठोका पुरेसा जोरात हवा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दर वेळी सारखा हवा. ठोका कमी-जास्त झाला की मसाला कमी-जास्त नीट पेटतो आणि गोळीचा वेग बदलतो. गोळी साधारण सेकंदाला ३२० मीटरनं निघते. त्यात १० मीटरची घट झाली, तर ५० मीटरवर ती सात-आठ मिलिमीटर खाली लागते. आणि लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ केवढं? व्यास १०.४ मिलिमीटर!

माझ्या एका विद्यार्थिनीचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरचा गोळ्यांचा पुंजका, उभा ताणला जायला लागला. डावी-उजवीकडे शॉट चोख, वर-खाली मात्र पसारा. तीन आठवडे आम्ही तिचा श्वास सुधारत बसलो, स्लिंग (रायफल हाताला बांधायचा पट्टा) बदलला, ती रडकुंडीला आली. शेवटी एका संध्याकाळी तिच्या फायरिंग पॉइंटवरच्या पुंगळ्या (काडतुसांची रिकामी टरफलं) गोळा केल्या आणि खिडकीच्या उजेडात रांगेत मांडल्या. काहींवर पिनेचा खोल, स्वच्छ ठसा. काहींवर नुसता ओरखडा. पोरीची काहीच चूक नव्हती. ते तीन आठवडे मला अजून टोचतात, म्हणून सांगतो: उभा पसारा दिसला की आधी पुंगळ्या बघा.

ठसे उथळ दिसले म्हणून लगेच स्प्रिंगवर आळ घेऊ नका. बोल्टमध्ये जुनं तेल घट्ट झालं असेल, काजळी आणि गोळीवरचं मेण साचलं असेल, तरी पिन मंदावते. थंडीत तर जास्तच. बोल्ट साफ करा, तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि दुसऱ्या लॉटची काडतुसं लावून बघा. पिनेचं टोक झिजलंय का तेही पाहून घ्या. एवढं करूनही ठसे उथळच राहिले, तर स्प्रिंग बदला. मिसफायर झाला, म्हणजे ट्रिगर दाबूनही गोळी सुटली नाही, तर मात्र नळी लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा आणि मगच बोल्ट उघडा. यात कुणालाही सूट नाही.

एक उद्योग कृपा करून करू नका: स्प्रिंग हातानं ताणून लांब करणं. ती चार दिवस बरी वाटते, पुन्हा बसते, आणि वेढ्यांमधलं अंतर कायमचं वेडंवाकडं होतं. दुसरी हौस म्हणजे जास्त कडक स्प्रिंग घालणं. तिनं ट्रिगरच्या भागांवर ताण येतो आणि ठोक्याच्या वेळी रायफल जास्त थरथरते. कंपनीनं त्याच मॉडेलसाठी दिलेलीच घाला.

स्प्रिंग नवी असतानाच व्हर्नियरनं तिची मोकळी लांबी मोजा आणि शूटिंग डायरीत तारखेसह लिहा. सुरुवातीला ती थोडी आखडते, त्यानं घाबरू नका, नंतर लांबी स्थिरावते. त्या स्थिरावलेल्या आकड्यापासून ती पुन्हा उतरायला लागली की निर्णय घ्या. रायफल रात्रभर कॉक करून, म्हणजे स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत, ठेवू नका. ताण उतरवायची पद्धत तुमच्या रायफलीच्या पुस्तिकेत दिलेली असते, तशीच करा. नुसता ट्रिगर ओढून रिकाम्या चेंबरवर (काडतूस बसतं त्या जागेवर) पिन वारंवार आपटली तर चेंबरची कड दबते.

आणि बदल स्पर्धेच्या आदल्या दिवशी नको. निदान दोन-तीन आठवडे हातात ठेवा. नव्या स्प्रिंगनं शून्य, म्हणजे साइटची जुळवलेली मांडणी, हलू शकतं, ट्रिगरही वेगळा लागू शकतो. ते सगळं रेंजवर निवांत जुळवून घ्यायला हवं. जुनी स्प्रिंग एका पुडीत, तिच्या शेवटच्या लांबीसकट, डायरीच्या मागे ठेवून द्या. पुढच्या वेळी तुलनेला तीच उपयोगी पडते.