आई आलं

(दृश्य: पत्र्याच्या सावलीत बसलेला माणूस, समोर पाटा, हातात छन्नी. दहा सेकंद नुसता ठोक्यांचा आवाज.)

पाट्याला टाकी लावायची तर हात एका लयीत चालावा लागतो. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरून दीप बंगला चौकाच्या बाजूला आत वळलं की ही वडारवाडी. दगड फोडणाऱ्यांचं नाव वस्तीला चिकटलं ते कायमचं. घरोघर मिक्सर आले, पाटे माळ्यावर गेले, त्यामुळे हा आवाज आता क्वचित कानावर पडतो. शूटिंगच्या दिवशी आम्हाला तो सापडला, हे आमचं नशीब.

घरातली बोली मात्र अजून माळ्यावर गेलेली नाही. म्हातारी माणसं आपसात वडारी बोलतात. या बोलीचं नातं तेलुगूशी. पोरं ती ऐकत मोठी होतात, गल्लीत हिंदी-मराठीची मिसळ करतात, आणि सहाव्या वर्षी त्यांच्यासमोर पुस्तकातली मराठी येऊन उभी राहते.

(दृश्य: उंबऱ्यावर बसलेला मुलगा, कॅमेऱ्याकडे पाठ.)

हा पहिलीत आहे. शाळेतून चिठ्ठी आली, ‘बोलण्यात दोष, तपासून घ्या.’ दोष काय, तर तो म्हणतो, “आई आलं.” “मावशी गेलं.”

मराठीत तो, ती, ते. तेलुगूत एकवचनाला दोनच गट: पुरुष एकीकडे, बाकी सगळं दुसरीकडे. अम्मा आली तरी ‘वच्चिंदि’, आणि कुक्का, म्हणजे कुत्रं, आलं तरी ‘वच्चिंदि’. पोरानं घरचा नियम शाळेत लावला, इतकंच. आपण सगळे मराठी वळणाचं इंग्रजी बोलतो. आपल्याला कुणी अशी चिठ्ठी देत नाही.

(दृश्य: समाजमंदिरातली सतरंजी. थेरपिस्ट ताई, मुलगा, शेजारी आजी.)

ताई दर गुरुवारी इथे येतात. पहिलं चित्र दाखवलं स्ट्रॉबेरीचं. मुलगा गप्प. दुसरं पियानोचं. गप्प. तक्त्यात दोन शून्यं पडली असती. ताईंनी तो गठ्ठा बाजूला ठेवला आणि कापडी पिशवी पुढे ओढली. कुलूप. लिंबू. सायकलची घंटी. छन्नी बाहेर आली तसा तो गुडघ्यांवर उठला. नाव सांगितलं, धरायची कशी ते दाखवलं, आणि ही बोथट आहे असंही सुनावलं.

ताईंना वडारी येत नाही. भारती विद्यापीठात वाणी-श्रवणाचं शिक्षण मिळतं, पण शिकून बाहेर पडलेलं वडारी बोलणारं कुणी त्यांच्या तरी ओळखीत नाही. म्हणून आजी. आजींना एकच अट: “तुम्ही नुसतं विचारायचं, आजी. उत्तर सांगायचं नाही हं.” आजींनी ती पाच मिनिटं पाळली.

घरच्या बोलीत मुलगा न अडखळता बोलला. काल नळावर झालेलं भांडण त्यानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितलं, आजींनी दोनदा तोंडावर पदर घेतला. मग ताईंनी त्याला माहीत नसलेली वस्तू काढली, नरसाळं. नाव सांगितलं, त्यातून पाणी ओतून दाखवलं, आणि विषय बदलला. दहा मिनिटांनी वस्तूंच्या ढिगातून विचारलं, “हे काय?” “नरसाळं.” पोराला आज काय येतं, यापेक्षा शिकवल्यावर किती पटकन येतं, हे बघायचं. खरा दोष असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. इथे एकीतही नव्हता.

याची उलटी चूकही होते, आणि ती जास्त महाग पडते.

(दृश्य: मुलीचा चेहरा, जवळून. तिची नजर ताईंच्या ओठांवर.)

ही साडेचार वर्षांची. कमी बोलते. अंगणवाडीत म्हणाले, घरी वेगळी भाषा आहे, बोलेल सावकाश. घरी म्हणाले, हिचा बापही उशिरा बोलला. वेखंड उगाळून मधात चाटवून झालं. वडारी असो की मराठी, तिचे शब्द शेवटाला तुटतात. ‘घरात’, ‘घराला’, ‘घरून’, सगळ्याचं नुसतं ‘घर’. मराठीतला बराचसा अर्थ शब्दाच्या शेपटीत असतो, आणि आपण ती शेपटी हळू आवाजात उच्चारतो. कान थोडा जरी मंद असला तरी तीच आधी हरवते.

(दृश्य: काचेची खोली. कानाला हेडफोन, हातात लाल मणी.)

आवाज आला की मणी डब्यात टाकायचा. इथे आम्ही निवेदन थांबवलंय. मोजा तुम्हीच.

(अकरा सेकंद शांतता. मणी हातातच.)

मुलं तपासायला सरकारी पथकं येतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणी. १९९५च्या अपंगांच्या कायद्यात सातच प्रकार होते. २०१६च्या कायद्यात एकवीस झाले, वाचा आणि भाषेचंही नाव आलं. पण व्याख्येतली उदाहरणं स्वरयंत्र काढलेल्यांची आणि मेंदूच्या इजेनं वाचा गेलेल्यांची, कायमच्या दोषाची. सतरंजीवरची ही पोरं त्यात सहजासहजी बसत नाहीत. आणि आजींना अट कशी घालायची, हे तर कुठल्याच कायद्यात मिळत नाही.

(दृश्य: ताई पिशवी भरताहेत. मुलगा छन्नी सोडायला तयार नाही.)

मुलाच्या चिठ्ठीमागे ताईंनी लिहून दिलं: वाणीदोष नाही, मराठी शिकतो आहे, ओरडू नये. मुलीच्या कानांत पडद्यामागे पाणी साठलेलं निघालं. औषधं, नाहीतर छोटी शस्त्रक्रिया. ते घशा-कानाचे डॉक्टर ठरवतील. सोमवारचा नंबर मिळालाय.

(दृश्य: दारात उभी मुलीची आई, फोन कानाला.)

“वहिनी, सोमवारी माझा खाडा हां. नाही, मी बरीये. पोरीला न्यायचंय.”