लेहच्या हॉटेलात तब्येत बिघडली तर

नमस्कार मंडळी. मे महिना लागला की आपल्याकडची निम्मी जनता लडाखला निघते असं वाटतं, पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर, सगळीकडून, सोसायटीचे ग्रुप, महिला मंडळं, नुकतीच रिटायर झालेली बँकेतली मंडळी, बुलेट घेऊन जाणारी पोरं. मी टूर लीडर म्हणून असे ग्रुप घेऊन तिकडे जात असतो. पँगाँग तलावाचं पाणी किती निळं आहे हे तुम्ही फोटोत बघितलंच असेल, ते आज सांगत बसत नाही. आज बोलायचंय ते हॉटेलच्या खोलीत माणूस आजारी पडतो तेव्हा काय होतं त्याबद्दल. लेहमध्ये तुमची तब्येत बिघडलीय हे बहुतेक वेळा सगळ्यात आधी कळतं ते चहा घेऊन आलेल्या रूम सर्व्हिसच्या पोराला, आणि नेमकं त्यालाच आपण काही सांगत नाही.

आधी उंचीचं बघू. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, 1,646 मीटर. लेह शहर साधारण 3,500 मीटरवर आहे, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त, आणि आपण तिथं चढत जात नाही, पहाटे मुंबईत समुद्राच्या पातळीवर असतो आणि त्याच दिवशी लेहच्या विमानतळावर बॅगा ओढत असतो. हवेचा दाब कमी, त्यामुळे प्रत्येक श्वासात आपल्या सवयीच्या साधारण दोन तृतीयांशच ऑक्सिजन मिळतो. शरीराला याची सवय व्हायला दोन दिवस तरी लागतात. तोपर्यंत डोकं दुखणं, मळमळ, जेवण नको वाटणं, रात्री झोप न लागणं, हे खूप जणांना होतं. आणि मी दर रविवारी सिंहगड चढतो, मला काय होणार, असं म्हणणाऱ्यालाही होतं, फिटनेसचा आणि याचा संबंध नाही. उलट तरुण पोरंच पहिल्या दिवशी मार्केटभर हिंडतात आणि संध्याकाळी आडवी होतात.

लडाख पर्यटकांना खुलं झालं 1974 साली, म्हणजे तिथल्या हॉटेलवाल्यांच्या दोन पिढ्या बाहेरून आलेल्या लोकांची ही दुखणी बघत आल्यात. डॉक्टरी जगाला उंचीवरच्या या आजाराची नीट माहिती व्हायलाही हाच भाग कारण ठरला बरं का. 1962 च्या युद्धात मैदानी भागातल्या जवानांना घाईघाईनं उंचावर न्यावं लागलं, त्यातले खूप जण आजारी पडले, आणि 1969 मध्ये आपल्या लष्करातल्या इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी अशा 1,925 जवानांवरचा अभ्यास छापला, त्याचा दाखला अजूनही देतात.

आता हॉटेलात काय होतं ते सांगतो. चांगल्या हॉटेलात चेक-इनच्या वेळीच माणसं तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतात. गरम पाणी किंवा चहा देतात, बॅगा तुम्हाला उचलू देत नाहीत, आणि स्पष्ट सांगतात, अंकल, आज सिर्फ आराम. आपल्या लोकांना हे आवडत नाही, एवढे पैसे भरून आलोय आणि पहिला दिवस झोपून काढायचा का, असं मला तोंडावर म्हणणारे भेटतात. पण ते बरोबर सांगतात. संध्याकाळी तोच पोरगा थर्मास घेऊन येतो, खाल्लं का विचारतो, लसणाचं सूप आणून देतो. सूपानं आजार बरा होतो असं मी म्हणणार नाही, पण पोटात पाणी जातं, आणि त्या निमित्तानं कुणीतरी दार वाजवून तुमच्याकडे एकदा बघून जातं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

एका ग्रुपमधले काका, सत्तरीच्या आतबाहेरचे, त्यांचं दुपारपासूनच डोकं दुखत होतं पण बायकोला सांगून ठेवलेलं की कुणाला बोलू नकोस, नाहीतर मला मागे ठेवून पुढे जातील. जेवायला खाली आले, भाताला हात लावला नाही. ते वेटरनं बघितलं आणि रिसेप्शनवर जाऊन सांगितलं, आणि मग तिथला मॅनेजर, लडाखी माणूस, वर जाऊन त्यांच्या पलंगाशेजारी बसला, बोटाला ऑक्सिमीटर लावला. सत्त्याऐंशी. काकूंच्या तोंडचं पाणी पळालं, कारण कोविडमध्ये आपण सगळेच त्या आकड्याला घाबरायला शिकलोय. मॅनेजर म्हणाला, इथं पहिल्या दिवशी एवढं असतं, आकड्यापेक्षा माणसाकडे बघायचं. मग त्यानं त्यांचे हात शेकायला लावले, थंड बोटांवर रीडिंग चुकतं म्हणून, आणि पुन्हा मोजलं. मग कॉरिडॉरमध्ये एका पावलाला पुढचं पाऊल टेकवून सरळ रेषेत चालायला सांगितलं. काका चालले, तोल गेला नाही. नुसतं बसल्यावर धाप लागते का, खोकला आहे का, हे विचारलं. सगळं विचारून झाल्यावर म्हणाला, आज रात्री इथंच, पण मी दोन तासांनी येणार. आणि खरंच आला, थंडीत टोपी घालून, रात्रभर येत राहिला.

ते चालून दाखवणं आणि तो खोकला, हे दोन्ही का विचारलं ते नीट ऐका, कारण हे तुम्हालाही यायला पाहिजे. साध्या डोकेदुखीच्या पुढं दोन गोष्टी जिवावर बेततात. एक, फुप्फुसात पाणी भरणं, त्यात बसल्या जागी दम लागतो, खोकला येतो, कधी गुलाबी फेस पडतो, आणि हे बऱ्याचदा दुसऱ्या रात्री किंवा त्यानंतर सुरू होतं, म्हणजे पहिला दिवस बरा गेला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. दुसरं, मेंदूला सूज, त्यात माणूस असंबद्ध बोलतो, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, ऑक्सिजन लावायचा आणि लगेच हॉस्पिटल. लेहमध्ये सोनम नोर्बू मेमोरियल हे सरकारी हॉस्पिटल आहे, तिथल्या डॉक्टरांना हे दुखणं रोजचं आहे.

खरं औषध म्हणजे खाली उतरणं, पण लेहमधून खाली उतरायचं कुठून? श्रीनगरच्या रस्त्यानं निघालात तर आधी 4,108 मीटरचा फोटू ला चढावा लागतो (तिकडं 'ला' म्हणजे खिंड), मनालीच्या रस्त्यानं त्याहून उंच तांगलांग ला. म्हणजे आजारी माणसाला अजून वर नेऊन मग खाली आणायचं. राहिलं विमान, आणि लेहची विमानं बहुतेक सकाळीच उडतात, दुपारनंतर वारा सुटतो म्हणून. त्यामुळे संध्याकाळी बिघडलेल्या माणसाला ती रात्र लेहमध्येच काढावी लागते, आणि हॉटेलात रात्री कोण जागं आहे यावर तेव्हा फार काही अवलंबून असतं.

आणि हे सगळीकडे चांगलं असतं असं नाही. एका हॉटेलात, नाव घेत नाही, लॉबीत ऑक्सिजनचा मोठा सिलेंडर दिमाखात उभा होता, रात्री एका ताईंना गरज लागली तर सिलेंडर उघडायचा पाना ज्याच्याकडे होता तो माणूस घरी गेलेला. शेजारच्या गेस्टहाऊसच्या आमा-लेंनी, म्हणजे तिथल्या मालकीणबाईंनी, स्वतःचा सिलेंडर मुलाबरोबर पाठवला, कुठले कोण विचारलंही नाही. त्या रात्रीचा मला अजून राग आहे. लोकांना दिसावा म्हणून ठेवलेला ऑक्सिजन आणि वापरता येणारा ऑक्सिजन यात माणसाचा जीव असतो.

दुकानात मिळणारे ते छोटे स्प्रेसारखे कॅन, त्यांच्या भरवशावर तर राहूच नका. दहा लिटरचा कॅन, आणि पेशंटला मिनिटाला दोन लिटर जरी लागला तरी पाच मिनिटांत संपला. तेवढ्यात हॉटेलवाल्याला उठवा.

उठवायचं कसं, हेही पहिल्याच दिवशी बघून ठेवा. आपल्याकडचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेडच चालतं, त्यामुळे रात्री दोन वाजता खोलीतला इंटरकॉम हाच तुमचा फोन. तो लागतो का ते दुपारीच लावून बघा. एकटे असाल तर आतली कडी लावू नका, नुसतं लॉक ठेवा, म्हणजे गरज पडली तर त्यांना मास्टर चावीनं येता येईल. लिफ्ट बऱ्याच ठिकाणी नसते, वय झालेल्यांसाठी तळमजल्याची खोली मागा, आणि झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी किंवा पेग घेऊ नका, त्यानं रात्री श्वास आणखी मंदावतो. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची का हे निघायच्या आधी आपल्या डॉक्टरला विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. शेजारच्या खोलीतल्याकडून मागून घेऊ नका.

हॉटेलच्या स्टाफकडे गोळ्या मागितल्या आणि त्यांनी दिल्या नाहीत तर चिडू नका. त्यांना तुमची शुगर माहीत नाही, बीपीची गोळी माहीत नाही. डॉक्टरला बोलावणं, गाडी काढणं, सोबत येणं, हे त्यांचं काम, आणि ते करतात. त्या काकांना दुसऱ्या दिवशी आम्ही लेहलाच ठेवलं, काकूही थांबल्या, ग्रुप नुब्रा खोऱ्यात गेला. किचनमधल्या मुलानं त्यांच्यासाठी मऊ भात आणि मुगाचं वरण केलं, काकूंनी सांगितलं तसं, जिरं आणि हिंग घालून. हा पोरगा झारखंडचा, सीझनपुरता तिथं असतो.

एक शेवटचं, कारण वेळ होत आलाय. पँगाँगला मुक्काम करायचाच असेल तर लेहमध्ये दोन रात्री झाल्याशिवाय नको, आणि शक्यतो आधी नुब्रा करा, ते लेहपेक्षा खाली आहे. पँगाँगचे कॅम्प सव्वाचार हजार मीटरवर, तिथून लेह पाच-सहा तास, मध्ये चांग ला. बुक करताना हॉटेललाही आणि कॅम्पलाही फोन करून विचारा की ऑक्सिजन आहे का, रात्री तो लावता येणारा माणूस तिथंच झोपतो का, आणि गाडी उभी असते का. जो नुसतं हो हो म्हणतो त्याला पुढचा प्रश्न विचारा, सिलेंडर शेवटचा कधी भरला.

नमस्कार.