गणित कुठलं घेतलंस?

नमस्कार श्रोतेहो. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी संध्याकाळी रसायनशास्त्र शिकवते. माझ्या वर्गात बहुतेक मुलं लॅटिनो, काही कृष्णवर्णीय, काही मूळ अमेरिकी जमातींमधली. बरीचशी मुलं त्यांच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी पहिलीच. दोन वर्षं आमच्याकडे शिकायचं, मग विद्यापीठात जाऊन विज्ञानाची पदवी घ्यायची, हा त्यांचा बेत. तो तडीला न्यायला काय लागतं, ते आज सांगायचंय.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणारं सरकारी कॉलेज, हे या कार्यक्रमाच्या बहुतेक श्रोत्यांना ठाऊकच आहे. राज्यात ११६ आहेत, रहिवाशांना फी युनिटमागे, म्हणजे विषयाच्या एका क्रेडिटमागे, ४६ डॉलर, प्रवेश सगळ्यांना. १९६० साली राज्यानं उच्च शिक्षणाचा आराखडा केला, तेव्हाच ठरलं: वरच्या आठव्या हिश्श्यातल्या मुलांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या तिसऱ्या हिश्श्याला स्टेट युनिव्हर्सिटी, बाकीच्यांना आम्ही, आणि आमच्याकडून वर जायची वाट मोकळी. कागदावर वाट मोकळी आहेच.

आता एक गोष्ट. दर सत्रात पहिल्या तासाला मी ती सांगते, आणि आजही सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मेक्सिकोत, अगदी सीमेवरच्या मेक्सिकाली शहराजवळ, १९६८ साली एक मुलगा जन्मला. अल्फ्रेडो किन्योनेस-इनोहोसा. वडिलांचा छोटासा पेट्रोल पंप. हा पाच वर्षांचा असल्यापासून पंपावर हाताखाली. पुढे मंदी आली, पंप गेला, घरात खायची भ्रांत पडली. अल्फ्रेडो शिकून प्राथमिक शिक्षक झाला, पण त्या पगारात भागेना. १९८७ मध्ये, वय एकोणीस, तो सीमेवरचं कुंपण चढून इकडे आला. कुठे? आमच्याच व्हॅलीत. टोमॅटो, कापूस, तण काढणं, मिळेल ते काम. एकदा चुलतभावाला म्हणाला, मला इंग्रजी शिकायचंय, पुढे जायचंय. चुलतभाऊ म्हणाला, तू जन्मभर शेतातच राबणार. हे डॉक्टरांनी स्वतः २००७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये लिहिलंय. हो, डॉक्टरांनी. सांगते पुढे.

अल्फ्रेडो शेत सोडून स्टॉकटनला गेला. तिथे रेल्वेच्या वॅगनी दुरुस्त करायच्या कारखान्यात लागला. फावड्यानं गंधक उपसायचं, वेल्डिंग करायचं. मी रसायनाची बाई आहे, गंधकाची पूड डोळ्यांना कशी झोंबते ते मला ठाऊक आहे. असा दिवस काढून हा मुलगा संध्याकाळी सॅन वाकीन डेल्टा कॉलेजात यायचा. कम्युनिटी कॉलेज, श्रोतेहो. आधी इंग्रजी, मग बाकीचे विषय. मधल्या काळात, १९८९ मध्ये, तो एका रिकाम्या टँकर वॅगनमध्ये पडला. आत वायू. गुदमरून जायचाच, पण सोबत्यांनी वर काढलं. बरा झाला आणि पुन्हा वर्गात येऊन बसला.

डेल्टातून तो युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात गेला. ट्रान्सफर, म्हणजे आमच्याकडून विद्यापीठात पुढच्या वर्गात प्रवेश, मिळाली! बर्कलीहून हार्वर्डच्या मेडिकल स्कूलमध्ये. तिथे शिकत असतानाच अमेरिकेचा नागरिक झाला, १९९९ मध्ये डॉक्टर झाला. मग सॅन फ्रान्सिस्कोत मेंदूच्या शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण, मग जॉन्स हॉपकिन्सचं रुग्णालय, आणि २०१६ पासून फ्लोरिडात मेयो क्लिनिकचं रुग्णालय. मेंदूतल्या गाठी काढतात, त्यांवर संशोधन करतात. लोक त्यांना डॉ. क्यू म्हणतात. टोमॅटो तोडणारे हात, तेच हात.

वर्ग इथे टाळ्या वाजवतो. मी मात्र मुलांना थांबवते, कारण गोष्टीतला माझ्या दृष्टीनं मोठा प्रसंग अजून राहिलेला असतो. बर्कलीत अल्फ्रेडोंना एका शिकवणी साहाय्यकानं विचारलं, तू कुठला? हे म्हणाले, मेक्सिकोचा. तो म्हणाला, शक्यच नाही, तू मेक्सिकोचा असायला फार हुशार आहेस. बघा! गंधक उपसून, मरणाच्या दारातून परत येऊन, ट्रान्सफर मिळवून गेलेल्या माणसाला तिथे हे ऐकावं लागलं. विद्यापीठात पोचल्यावर पहिल्या सत्रात आमच्या पुष्कळ मुलांचे मार्क घसरतात. वर्गात तीनशे मुलं, ओळखीचं कुणी नाही, आणि वर असं बोलणं. म्हणून मदत दोन्हीकडे हवी. इकडेही हवी आणि तिकडेही हवी.

इथे मनातलं बोलते. आपल्या मराठी घरांत मुलगा कम्युनिटी कॉलेजात जातो म्हटलं की आवाज खाली जातो. गणपतीच्या कार्यक्रमात मी आयांना विषय बदलताना पाहिलंय. मला त्याचा फार राग येतो. 

तर इकडची मदत म्हणजे काय? गणित. पहिल्या सत्रात योग्य गणित. आमच्याकडे एक मुलगी होती, दिवसा फळं-भाज्या खोक्यांत भरायच्या पॅकिंग शेडमध्ये काम, रात्री लॅब, ब्युरेटचं, म्हणजे द्रव मोजायच्या नळीचं, रीडिंग घ्यायला डोळा रेषेवर आणून श्वास धरून उभी राहायची. तिनं वेळ जमते म्हणून बिझनेस कॅल्क्युलस, म्हणजे वाणिज्यवाल्यांसाठीचं कलनशास्त्र, घेतलं. पास झाली, छान पास झाली. पण रसायनशास्त्राच्या पदवीला ते चालत नाही. विज्ञानवाल्यांचं कॅल्क्युलस वेगळं. ते नाही म्हणून फिजिक्स अडलं, आणि वर्ष गेलं. असिस्ट नावाच्या वेबसाइटवर कुठल्या कॉलेजचा कुठला विषय कुठल्या विद्यापीठात धरतात ते सगळं लिहिलेलं आहे. तिला कुणी ते दाखवलं नव्हतं. म्हणून मी आता पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला विचारते, गणित कुठलं घेतलंस? पुन्हा सांगते, नातेवाइकांत, शेजारी कुणी असेल तर हेच विचारा, गणित कुठलं घेतलंस?

दुसरं, बसायला जागा आणि विचारायला माणूस. मेसा हा गणित, इंजिनिअरिंग, विज्ञान शिकणाऱ्या मुलांना मदत करणारा कार्यक्रम १९७० मध्ये ओकलंडच्या एका हायस्कूलमध्ये सुरू झाला, आता कितीतरी कम्युनिटी कॉलेजांत आहे. एक खोली, फळा, एकत्र अभ्यास, ट्रान्सफरचे अर्ज भरून घेणारा सल्लागार. १९९६ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन २०९ या कायद्यानंतर राज्याच्या विद्यापीठांना प्रवेशात वंश बघता येत नाही, तेव्हा तर अशा खोल्यांची किंमत फारच वाढली.

तिसरं, पैसे. संशोधनाची गोडी लॅबमध्ये उभं राहूनच लागते, पण उन्हाळ्यात फुकट काम करणं या मुलांना परवडत नाही. घरचं भाडं त्यांच्या मजुरीवर असतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं (एनआयएच) नव्वदच्या दशकात ब्रिजेस टू द बॅकलॉरिएट ही योजना काढली ती हे ओळखूनच. विद्यापीठाच्या लॅबमध्ये काम, आणि त्या कामाचा पगार, असं तिचं स्वरूप होतं.

या कार्यक्रमाचे पुष्कळ श्रोते बायोटेक कंपन्यांत आहेत, विद्यापीठांत आहेत. तुमच्या लॅबमध्ये उन्हाळ्यात एक पगारी जागा काढता येते का बघा, आणि जवळच्या कम्युनिटी कॉलेजातल्या मेसाच्या संचालकांना फोन करा. फोन फेब्रुवारीत करा. मे महिन्यात करून उपयोग नाही, तोवर ही मुलं पॅकिंग शेडमध्ये नाव लिहून आलेली असतात. नमस्कार.