काठावर येण्याचे धडे

पडद्यावर दिसणारे हे शेततळे नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातल्या एका वस्तीवरचे आहे. लांबी ३० मीटर, रुंदी ३० मीटर आणि खोली ३ मीटर. २०१६ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतील सर्वांत मोठा आकार हाच होता. पाणी मुरून जाऊ नये म्हणून तळावर आणि चारही उतारांवर ५०० मायक्रॉन जाडीचे काळे प्लास्टिक अंथरलेले असते, ज्याला शेतकरी नुसता ‘कागद’ म्हणतात. कॅमेरा आता या कागदाच्या अगदी जवळ गेला आहे. पाण्याच्या रेषेलगत शेवाळाचा पातळ, हिरवट थर दिसतो. त्यावर बोट टेकवले की घसरते, आणि कुत्र्याची नखेही तशीच घसरतात.

तपकिरी अंगाची आणि उजव्या पुढच्या पायात पांढरा मोजा घातल्यासारखी दिसणारी ही चिंगी गावठी जातीची असून अडीच वर्षांची आहे. वस्तीवरचा दुसरा कुत्रा गेल्या उन्हाळ्यात याच तळ्यात बुडाला. त्यानंतर घरातील नववीत शिकणाऱ्या मुलीने चिंगीला पोहायला शिकवायचे ठरवले.

‘‘त्यात काय शिकवायचं? ढकलून दे, आपोआप पोहंल. आम्हाला बी विहिरीत असंच शिकवलं,’’ असे आजोबांचे पहिल्या दिवशीचे म्हणणे होते. त्यात निम्मे तथ्य आहे. पाठीला रिकामा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून विहिरीत उतरलेल्या पिढीला पोहणे असेच आले. मात्र त्या विहिरीला पायऱ्या होत्या आणि वर दोर धरून कोणीतरी उभे असे, ही गोष्ट सांगताना गाळली जाते. ढकललेले कुत्रे हातपाय मारते हेही खरे. पण ज्याने ढकलले त्याच्याजवळ ते पुन्हा पाण्याच्या काठी येत नाही, आणि मग शिकवणे तिथेच संपते.

म्हणून सुरुवात शेततळ्यात न करता गावाच्या पाझर तलावावर झाली. १९७२ च्या दुष्काळी कामांमध्ये महाराष्ट्रात असे तलाव ठिकठिकाणी खोदले गेले. त्यांचा मातीचा काठ हळूहळू उतरत जातो आणि पाय टेकवत टेकवत पाण्यात शिरता येते. मार्चमधली सकाळ आहे. चिंगीने भाकरी खाल्ल्याला दोन तास उलटले आहेत. तिच्या गळ्यातला पट्टा काढून छातीभोवती बसणारा पट्टा चढवला आहे, कारण पाण्यात गळपट्टा ओढला गेला तर गळा आवळला जातो. मुलगी स्वतः गुडघाभर पाण्यात उभी आहे आणि तिच्या तळहातावर भाकरीचा तुकडा आहे. चिंगीची शेपटी पोटाखाली गेली आहे, कान मागे पडले आहेत, डोळ्यांच्या कडांना पांढरे दिसते आहे. मुलगी पुढे सरकत नाही, चिंगीला ओढतही नाही. हे दृश्य आम्ही कापलेले नाही. चिंगीचे पुढचे दोन पाय भिजायला अकरा मिनिटे लागली आणि त्या दिवशीचा धडा तेवढाच होता.

चौथ्या दिवशी पाणी पोटाला लागले. पाय तळ सोडतात तो क्षण नीट पाहावा. चिंगी पुढच्या पायांनी पाणी बडवते आहे, मान उंच ताणते आहे आणि मागचा भाग खाली बुडतो आहे. नवशिके कुत्रे असे जवळजवळ उभे होते, त्याचे सगळे बळ पाणी उडवण्यात जाते आणि दोन मिनिटांत दम तुटतो. मुलीने एक हात पोटाखाली, मागच्या पायांच्या थोडा पुढे लावला आहे. ती चिंगीला उचलत नाही, केवळ पाठ पाण्याला समांतर ठेवते. मागचे पाय वर आले की तेही चालू लागतात, आणि मग शिंतोडे आपोआप थांबतात.

पाण्याखालच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या या दृश्यात समोरचा डावा आणि मागचा उजवा पाय जोडीने हलताना दिसतो, जशी दुडकी चाल जमिनीवर असते. अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञ फ्रँक फिश यांनी लहान यॉर्कशायर टेरिअरपासून थोराड न्यूफाउंडलंडपर्यंतच्या कुत्र्यांचे पाण्याखालून चित्रीकरण केले, तेव्हा त्यांनाही याच चालीचे साम्य आढळले होते. अर्थात प्रत्येक शरीराला हे सारखे जमत नाही. शहरात हौसेने पाळल्या जाणाऱ्या पगचे डोके जड आणि नाक बसके असते. नाक पाण्यावर ठेवायला त्याला मान इतकी उचलावी लागते की मागचा भाग बुडतोच. त्याला तरंगण्याचे जाकीट घातल्याशिवाय खोल पाण्यात नेऊ नये.

दहाव्या दिवशी चिंगी तलावात बारा-पंधरा हात अंतर आधाराशिवाय कापू लागली. घरच्यांनी टाळ्या वाजवल्या आणि आजोबांनी तिला गुळाचा खडा दिला. बहुतेकांचे शिकवणे इथेच थांबते. मुलीच्या वहीत मात्र पुढचे पान होते: ‘तळ्यातून बाहेर कशी येणार?’

घाबरलेले कुत्रे सर्वांत जवळचा काठ गाठते आणि तिथेच वर चढू पाहते. कागदावर नखे लागत नाहीत. ते घसरते, पुन्हा तिथेच खरवडते आणि थकेपर्यंत जागा बदलत नाही. उत्तम पोहणाऱ्या कुत्र्यालाही या तळ्यात पोहण्याचा उपयोग होत नाही तो यामुळे. बाहेर येण्याची वाट आधी बांधावी लागते आणि मग ती कुत्र्याच्या अंगवळणी पाडावी लागते.

वाट कशी बांधली तेही पाहू. स्कूटरचे जुने टायर एकावर एक थोडे चढवून दोन नायलॉन दोरांना आवळले आहेत, त्यांच्यावर गोणपाट शिवले आहे आणि दोरांची वरची टोके भरावात ठोकलेल्या लोखंडी खुंट्यांना बांधली आहेत. लाकडी शिडीच्या टोकाने कागद फाटतो, टायरने फाटत नाही. खुंट्यांजवळ आधी लाल फडके लावले होते. कुत्र्यांना लाल आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत, निळा आणि पिवळा चांगले ओळखता येतात, हे शाळेतून कळल्यावर फडके काढून तिथे निळा ड्रम उभा केला.

आता शिकवणी उलट्या क्रमाने चालते. पहिल्या दिवशी चिंगीला टायरवरच, पाण्याच्या रेषेशी बसवून वर बोलावले. नंतर टायरपासून एक हात दूर, मग दोन हात, मग बाजूच्या काठाने. ट्यूब घेतलेला काका पाण्यात आहे, त्याच्या कमरेचा दोर भरावावरच्या दोघांच्या हातात आहे आणि छातीपट्ट्याचा दोर मुलीकडे आहे. पाण्यातला वेळ दहा मिनिटांपेक्षा जास्त नसतो, कारण दमलेले कुत्रे पाणी गिळू लागते आणि पोटात फार पाणी गेले तर रक्तातील क्षार पातळ होऊन जिवावर बेतू शकते. बाहेर आल्यावर कान कोरड्या फडक्याने पुसले जातात.

तिसरा आठवडा. चिंगीला समोरच्या काठावरून सोडले आहे. ती आधी जवळच्या कागदावर दोनदा नखे मारते. मुलगी हाक मारत नाही. चिंगी वळते, निळा ड्रम समोर घेते आणि ३० मीटर पाणी कापून टायरवर पाय ठेवते.

टायरांची ही माळ पाण्याच्या रेषेपाशी संपत नाही, ती थेट तळापर्यंत सोडलेली आहे. मे महिन्यापर्यंत पिकांना पाणी देऊन तळे अर्ध्याहून खाली जाईल. दर पंधरवड्याला पाणी जिथे असेल तिथून चिंगीला पुन्हा चढवून पाहायचे आहे, आणि त्या तारखा मुलीने वहीत आधीच लिहून ठेवल्या आहेत.