ब्रिजरच्या पाठीतला बाण आणि १८४० ची रेघ

[दृश्य : वायोमिंग. ग्रीन नदीचं रुंद खोरं. मागे विंड रिव्हर पर्वतरांग.]

१८३५ चा ऑगस्ट महिना. हॉर्स क्रीक नावाचा ओढा ग्रीन नदीला मिळतो तिथे, भर गर्दीत, मार्कस व्हिटमन नावाच्या डॉक्टरनं एका माणसाची पाठ कापली. पाठीत तीन इंचांचं लोखंडी बाणाचं टोक रुतलेलं होतं. ब्लॅकफूट या मूळनिवासी लोकांशी झालेल्या लढाईत लागलेला हा बाण जवळजवळ तीन वर्षं अंगात घेऊन तो माणूस डोंगरात हिंडत होता. टोक हाडावर आपटून वाकलेलं, भोवती कूर्चा वाढलेली. भूल देऊन शस्त्रक्रिया करणं तेव्हा अमेरिकेतल्या कुठल्याच डॉक्टरला ठाऊक नव्हतं. सोबत आलेले पाद्री सॅम्युअल पार्कर यांनी लिहून ठेवलंय की डॉक्टरनं चिकाटी सोडली नाही आणि रुग्णही तेवढाच खंबीर राहिला.

रुग्णाचं नाव जिम ब्रिजर. वय ३१.

इथून जवळच पाइनडेल हे छोटं गाव आहे. १९३६ मध्ये सुरू झालेल्या प्रथेप्रमाणे दर जुलैत, दुसऱ्या रविवारी, इथे ब्रिजरचा काळ पुन्हा उभा केला जातो. घोड्यांवरून ट्रॅपर, म्हणजे ब्रिजरसारखे सापळे लावून कातडी मिळवणारे शिकारी, येतात, ठासणीच्या बंदुकांचे बार होतात, मालानं लादलेली खेचरं रांगेनं मैदानात शिरतात. अमेरिकेत अशी संमेलनं ठिकठिकाणी भरतात आणि हजारो माणसं या छंदापायी आपल्या सुट्ट्या खर्च करतात. त्यांना म्हणतात रीएनॅक्टर. ही माणसं नेमकं काय जिवंत ठेवतात आणि त्यातून काय निसटतं, ते आपण बघणार आहोत.

[दृश्य : जुन्या पद्धतीची बीव्हर हॅट. मग बीव्हरचं कातडं, अगदी जवळून.]

सगळं सुरू झालं ते हॅटमुळे. ट्रॅपर पकडायचे तो बीव्हर, म्हणजे नदी-ओढ्यांत राहणारा एक केसाळ प्राणी. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे लांब आणि राठ, खालचे आखूड आणि मऊ. खालच्या केसांना डोळ्यांना न दिसणारे बारीक काटे असतात. ते एकमेकांत अडकतात आणि दाबलं की त्यांचा घट्ट, पाणी न झिरपणारा फेल्ट तयार होतो. युरोपात आणि अमेरिकेच्या पूर्वेकडच्या शहरांत प्रतिष्ठित माणसाच्या डोक्यावर याच फेल्टची हॅट असायची. हॅट बनवणारे कारागीर लोकर घट्ट बसावी म्हणून तिला पाऱ्याचं द्रावण लावायचे आणि त्या वाफांनी त्यांचे हात कापू लागायचे. या धंद्याची किंमत डोंगरापासून कित्येक मैल दूर, शहरातल्या कारखान्यातही कुणीतरी मोजत होतं.

१८२२ मध्ये सेंट लुईसच्या वर्तमानपत्रात कातड्यांचे व्यापारी विल्यम अॅशली यांनी जाहिरात दिली. शंभर तरुण हवेत, मिसूरी नदीच्या उगमापर्यंत जायचं आहे, नोकरी एक, दोन किंवा तीन वर्षांची. लोहाराकडे उमेदवारी करणारा, आईबाप गमावलेला अठरा वर्षांचा ब्रिजर या तुकडीबरोबर निघाला. अशा तुकड्यांत पुढे सगळ्या तऱ्हेची माणसं आली. फ्रेंच कॅनेडियन होते, इरोक्वॉय आणि डेलावेअर हे मूळनिवासी होते, मेक्सिकन होते. गुलामीत जन्मलेला आणि पुढे कित्येक वर्षं क्रो लोकांमध्ये राहिलेला जेम्स बेकवर्थही त्यांच्यातलाच. पडद्यावर दिसणारा एकटा, दाढीवाला गोरा शिकारी हे फार अपुरं चित्र आहे.

[दृश्य : ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभा असलेला रीएनॅक्टर. हातात सापळा.]

हा सापळा सुमारे पाच पौंड वजनाचा आहे. ट्रॅपर पाण्यात उतरतो तो जरा लांबून, आणि पाण्यातूनच चालत येतो, म्हणजे काठावर माणसाचा वास राहत नाही. पायांनी दोन्ही स्प्रिंगा दाबून तो सापळ्याचे जबडे उघडतो आणि सापळा काठाशी, चार बोटं पाण्याखाली ठेवतो. साखळी खोल पाण्याकडे ओढून एका वाळक्या खुंट्याला अडकवतो. मग काठावर एक काटकी रोवतो, तिच्या टोकाला बीव्हरच्याच ग्रंथींतून काढलेला उग्र वासाचा स्राव लावलेला असतो. आपल्या हद्दीत दुसरा बीव्हर आला असं समजून प्राणी वास घ्यायला येतो, पाय सापळ्यात पडतो, तो खोल पाण्याकडे धाव घेतो आणि सापळ्याच्या वजनानं बुडतो.

हे काम शरद ऋतूत पाणी गोठेपर्यंत आणि वसंतात बर्फ फुटल्यापासून चालायचं, कारण थंडीतच लोकर दाट असते. म्हणजे ट्रॅपरचे पाय सगळा हंगाम बर्फाच्या पाण्यात. मोहीम-शिबिरांत काही मिनिटं असं उभं राहिलेले रीएनॅक्टर सांगतात की बोटं आधी दुखतात, मग त्यांची जाणीव जाते, आणि तरीही स्प्रिंग नीट बसवावी लागते, नाहीतर तीच बोटं जबड्यात. कितीही वाचलं तरी ही गोष्ट अंगाला कळत नाही. ती पाण्यात उतरल्यावरच कळते, आणि माझ्या मते या छंदाचं सगळ्यात मोठं मोल इथे आहे.

[दृश्य : सामानाची मांडणी. एकेक वस्तू घोंगडीवर.]

सामान काय घ्यायचं याचा आधार आहे ऑस्बर्न रसेल या ट्रॅपरच्या रोजनिशीचा. तो १८३४ मध्ये पश्चिमेकडे आला आणि जे पाहिलं ते बारकाईनं लिहीत गेला. खोगीर घातलेलं एक जनावर, थैलीत सहा सापळे, एक घोंगडी, मोकॅसिन नावाच्या मऊ कातडी पादत्राणांचा एक जादा जोड, दारूचं शिंग, गोळ्यांची पिशवी, कमरेला खाटकाची सुरी, आमिषाची लाकडी डबी, तंबाखू, चिलीम आणि विस्तव पेटवायचं साहित्य. पायमोजे नाहीत. त्याऐवजी घोंगडीचे तुकडे पायांना गुंडाळायचे.

विस्तव पेटवायचं साहित्य म्हणजे चकमक. पोलादाच्या वाकड्या पट्टीवर गारगोटीची धार तिरकी मारायची. ठिणगी म्हणजे पोलादाचाच सुटलेला जळता कण. तो आधीच कोळशासारखी करून ठेवलेल्या सुती चिंधीवर पडला की तिथे लाल ठिपका धरतो. चिंधी वाळक्या सालीच्या घरट्यात गुंडाळायची आणि खालून फुंकर घालायची. संमेलनांत याची शर्यत लागते आणि सराईत माणूस काही सेकंदांत ज्योत उभी करतो. पावसात, ओल्या चिंधीवर, थरथरत्या हातांनी हेच करायचं तर अख्खी संध्याकाळ जाते. शर्यतीपेक्षा ही दुसरी परिस्थिती ट्रॅपरच्या रोजच्या जगण्याच्या जवळची.

[दृश्य : कातडं कमावणारी स्त्री. चौकटीवर ताणलेलं हरणाचं कातडं.]

आता या धंद्यातल्या दुसऱ्या अर्ध्या माणसांकडे येऊ. कातडं खरवडून मांस आणि केस काढायचे, जनावराचाच मेंदू पाण्यात कालवून त्यात ते मुरवायचं, आणि मग वाळेपर्यंत ओढत, ताणत राहायचं. मधेच हात थांबले तर ते पत्र्यासारखं कडक होतं. शेवटी कुजक्या लाकडाचा धूर द्यायचा. धुरावलेलं कातडं भिजलं तरी पुन्हा मऊच वाळतं, म्हणून जुन्या तंबूंचं, वर्षानुवर्षं धूर प्यायलेलं कातडं ट्रॅपर पायांना घालण्यासाठी शोधायचे.

ही कला होती शोशोनी, क्रो, फ्लॅटहेड, नेझ पर्स स्त्रियांची. ट्रॅपरांच्या कितीतरी बायका याच लोकांतल्या. कातडी कमावणं, कपडे आणि मोकॅसिन शिवणं, तंबू उभारणं, मांस वाळवणं, दुभाषा होणं, नात्यागोत्यातून नवऱ्याला संरक्षण मिळवून देणं, हे सगळं त्यांनी केलं. ब्रिजरनं तीन लग्नं केली, तिन्ही मूळनिवासी स्त्रियांशी. आपली मुलगी मेरी अॅन हिला त्यानं शिकायला पाठवलं ते पाठीतला बाण काढणाऱ्या त्याच डॉक्टर व्हिटमनच्या ख्रिस्ती मिशनमध्ये. १८४७ मध्ये तिथे गोवराची साथ आली, तिथले मूळनिवासी कायूस लोक पटापट मेले, आणि संतापलेल्या काहींनी व्हिटमन पतिपत्नीसह अनेकांना ठार केलं. मेरी अॅन त्या हल्ल्यातून वाचली, पण पुढच्या काही महिन्यांत तीही गेली.

पुनर्प्रयोगांच्या मैदानावर नेमबाज, कुऱ्हाडफेक करणारे, घोडेस्वार यांची वानवा नसते. त्या स्त्रियांचं काम मात्र बहुतेक वेळा एका कोपऱ्यातल्या प्रात्यक्षिकापुरतं उरतं. मला हे मनापासून खटकतं.

[दृश्य : आल्फ्रेड जेकब मिलरची रेखाटनं. तंबूंची गर्दी, घोडे, मैदान.]

१८२५ मध्ये अॅशलीनं नवी युक्ती काढली. ट्रॅपरांनी दरवर्षी शहरात परतण्याऐवजी डोंगरातच राहावं, आणि उन्हाळ्यात ठरलेल्या जागी व्यापाऱ्यांनी माल घेऊन यावं. या मेळ्याला म्हणत राँदेवू. पहिल्याच वर्षी अॅशली सुमारे ९००० पौंड बीव्हर घेऊन परतला. तिथे एक पौंड कातड्याला तीन डॉलर मिळायचे, पण साखर, कॉफी, तंबाखू, दारूगोळा हे सगळं सेंट लुईसच्या दराच्या कितीतरी पट महाग. बरेच ट्रॅपर कंपनीकडून उचल घेऊन हंगामाला निघत आणि मेळ्यात कातडी मोजून झाल्यावरही अंगावर बाकी उरे. मग पुन्हा उचल, पुन्हा हंगाम. डोंगरातला स्वतंत्र माणूस म्हणून ज्याची कीर्ती झाली, त्याचं नाव कुणाच्या तरी खतावणीत उधारीच्या बाजूला लिहिलेलं असायचं.

१८३७ च्या मेळ्यात स्कॉटिश उमराव विल्यम ड्रमंड स्टुअर्ट यांच्याबरोबर मिलर हा चित्रकार आला होता. राँदेवू स्वतःच्या डोळ्यांनी पाहून रंगवणारा हा एकमेव चित्रकार. टोपीचा आकार, कपड्यांच्या झालरी, खोगीर, काही अडलं की रीएनॅक्टर मिलरकडे धाव घेतात. त्यातही जाणकार माणूस आधी जागेवरची रेखाटनं बघतो. बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयातली दोनशे सुंदर जलरंगचित्रं त्यानं वीसेक वर्षांनी, एका ग्राहकाच्या मागणीवरून रंगवली. तोवर आठवणींवर बरीच साय धरली होती.

त्याच १८३७ च्या उन्हाळ्यात अमेरिकन फर कंपनीची आगबोट मिसूरी नदीतून देवीची साथ घेऊन वर गेली. फोर्ट क्लार्क या व्यापारी ठाण्याजवळ राहणारे मूळनिवासी मँडन लोक दीड हजाराहून जास्त होते. काही महिन्यांत त्यांतले जेमतेम शंभर-दीडशे उरले. फोर्ट युनियनमध्येही तीच साथ पोचली. ते ठाणं आता राष्ट्रीय उद्यान सेवेनं पुन्हा बांधलं आहे आणि उन्हाळ्यात तिथेही राँदेवू भरतो. मूळनिवासी पोशाख चढवून मिरवणारे बाहेरचे हौशी लोक मला तिथे नको वाटतात. त्या लोकांचे वंशज आज आहेत, त्यांची गोष्ट सांगायला ते समर्थ आहेत. मैदानावरची ती जागा त्यांची आहे.

[दृश्य : पांढऱ्या कापडी तंबूंची ओळ. व्यापाऱ्यांच्या राहुट्या.]

या छावण्यांचा मुख्य नियम एकच, १८४० नंतरचं काहीही दिसता कामा नये. प्लॅस्टिक नाही, विजेरी नाही. बर्फाची पेटी आणलीच तर घोंगडीखाली. आधुनिक तंबू आणि गाड्या वेगळ्या मैदानात. छावणीचा प्रमुख असतो बुशवे, त्याचा शब्द शेवटचा. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या ‘अमेरिकन माउंटन मेन’ संघटनेत तर सदस्याला पायरी पायरीनं वर चढावं लागतं. कपडे आणि साहित्य स्वतः बनवायचं आणि फक्त त्या काळची साधनं घेऊन रानात मुक्काम करायचा. पाहुण्यांसमोर मिरवण्यापेक्षा या रानातल्या मुक्कामांना मी जास्त मानतो.

१८४० ची रेघ का? कारण त्या वर्षी शेवटचा राँदेवू भरला. बाजारात रेशमी हॅट आली, कातड्याचा भाव पडला, आणि ओढ्यांतले बीव्हरही संपत आले होते. रॉबर्ट न्यूएल या ट्रॅपरनं आपला ट्रॅपर मित्र जो मीक याला सांगितलं की हे डोंगरातलं आयुष्य आता पुरे झालं, आणि दोघं घोडागाड्या घेऊन ऑरेगॉनकडे निघाले.

[दृश्य : फोर्ट ब्रिजर. लाकडी ओंडक्यांची दुकानं, लोहाराची भट्टी.]

ब्रिजर डोंगरातच राहिला. १८४३ मध्ये त्यानं आणि लुई व्हास्केझनं ग्रीन नदीच्या ब्लॅक्स फोर्क या फाट्यावर ठाणं उभारलं. ब्रिजरला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यानं सेंट लुईसच्या व्यापाऱ्याला पत्र लिहवून घेतलं : स्थलांतरितांच्या वाटेवर मी छोटं ठाणं बांधलंय, लोहारकामाची सोय आहे. या लोकांजवळ निघताना पैसा भरपूर असतो, पण इथे पोचेपर्यंत त्यांना घोडे, शिधा, लोहारकाम सगळंच लागतं, आणि त्याचे ते रोख पैसे देतात. लोहाराचा उमेदवार ३९ व्या वर्षी पुन्हा ऐरणीकडे वळला होता, या वेळी मालक म्हणून.

आज या ठाण्यावर दर वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीत, मोठा राँदेवू भरतो. हजारो लोक येतात, व्यापाऱ्यांच्या रांगा लागतात, बंदुकांचे बार दिवसभर ऐकू येतात. आणि छावणीचा नियम तोच, १८४० च्या पुढचं काही नको. म्हणजे ज्या ठाण्याच्या आवारात हे सगळं चालतं, ते ठाणंच या नियमात बसत नाही. ही रेघ तीन वर्षं पुढे सरकवावी असं मला वाटतं. सापळे घेऊन फिरणारे ब्रिजर इथे पुष्कळ आहेत. फळीमागे उभं राहून एखाद्या थकलेल्या कुटुंबाला घोड्याच्या नालाचा भाव सांगणारा ब्रिजरही इथे कुणीतरी उभा करायला हवा.