दिएपला नेमकं काय हवं होतं?

नमस्कार मंडळी. आज दिएपबद्दल बोलायचंय, फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरचं बंदर, तारीख 19 ऑगस्ट 1942. दुसरं महायुद्ध चालू, बंदर जर्मनांच्या ताब्यात, तिथे छापा घालायला ब्रिटिशांनी सहा हजारांच्या आसपास सैनिक नेले, त्यातले जवळपास पाच हजार कॅनडाचे, आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. 907 कॅनेडियन गेले, 1,946 कैद झाले. किनाऱ्यावर वाळू नाही, नुसते गोटे, रणगाडे त्यातच रुतून बसले.

नंतर सांगितलं गेलं की ही पुढच्या मोठ्या चढाईची तालीम होती. मला हे कधी पुरेसं वाटलं नाही.

कारण त्याच फेब्रुवारीत जर्मन नौदलानं अटलांटिकमधल्या पाणबुड्यांच्या एनिग्मा मशीनला, म्हणजे गुप्त मेसेज बनवणाऱ्या यंत्राला, चौथं चाक बसवलं होतं आणि ब्लेचली पार्कला, म्हणजे ब्रिटिशांच्या सांकेतिक मेसेज फोडणाऱ्या केंद्राला, त्यांचे मेसेज वाचता येणं एकदम बंद झालं, म्हणजे बोटी बुडतायत आणि पाणबुड्या कुठे दबा धरून बसल्यात तेच कळेना. म्हणून दिएपच्या प्लॅनमधे हेही होतं की रॉयल मरीन्सनी, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या सैनिकांनी, लोकस्ट नावाच्या गनबोटीतून थेट बंदरात घुसायचं आणि कोडबुकं, मशीनचे भाग, जे मिळेल ते उचलून आणायचं.

लोकस्टला आत शिरताच आलं नाही, एवढा मारा. मग त्याच मरीन्सना लँडिंग क्राफ्टमधे बसवून गोट्यांच्या किनाऱ्याकडे पाठवलं. धुरातून बाहेर आल्यावर मरीन्सचे प्रमुख कर्नल फिलिप्स यांना समोरचं दिसलं. त्यांनी पांढरे ग्लव्हज चढवले, बोटीवर सगळ्यांना दिसतील असे उभे राहिले आणि हात हलवून मागच्या बोटी परत फिरवल्या. तिथेच त्यांना गोळी लागली. कितीतरी पोरं त्या हातांमुळे वाचली हो.

शेजारच्या पूरव्हीलला जॅक निसेनथॉल हा रडारतज्ज्ञ उतरला होता, आणि त्याच्यासोबतच्या सैनिकांना ऑर्डर होती की हा पकडला जातोय असं वाटलं तर त्याला गोळी घाला, इतकं त्याच्या डोक्यात होतं. तिथल्या जर्मन रडार स्टेशनात घुसता आलं नाही, तर पठ्ठ्यानं सरपटत जाऊन टेलिफोनच्या तारा कापल्या. मग जर्मनांना वायरलेसवर बोलावं लागलं आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावर ते ऐकलं गेलं.

2012 मधे डेव्हिड ओकीफ या कॅनेडियन इतिहासकारानं खुल्या झालेल्या कागदांवरून मांडलं की एनिग्मा हेच मुख्य कारण. मला ते थोडं ताणलेलं वाटतं, बंदर जिंकता येतं का ते बघायचं होतं, पश्चिमेकडूनही जर्मनांवर हल्ला करा असा रशियाचा दबावही होता. पण हे एक कारण होतं आणि ते किनाऱ्यावर मेलेल्या बहुतेकांना माहीतच नव्हतं, हे मात्र मनातून जात नाही.

जे दिएपला मिळालं नाही ते 30 ऑक्टोबरला इजिप्तजवळच्या समुद्रात मिळालं. बुडत्या यू-559 या जर्मन पाणबुडीत फॅसन आणि ग्रेझियर हे ब्रिटिश नौसैनिक उतरले, कोडबुकं वर दिली, आणि ते दोघं काही वर आले नाहीत. डिसेंबरमधे ब्लेचलीला पुन्हा मेसेज वाचता यायला लागले.