चेल्सीच्या आधीचा सलाह

रसिकहो, निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘मोहम्मद सलाह : उजव्या बाजूचा डावा पाय’ असा छापला आहे. या इजिप्शियन फुटबॉल आघाडीवीराच्या खेळाचे विश्लेषण करावे, अशी आयोजकांची अपेक्षा आहे आणि ती मी पूर्ण करणारच आहे. मात्र त्याआधी बरीच वर्षे मनात साचलेली एक तक्रार मला आपल्यापुढे मांडायची आहे, कारण ती मांडल्याशिवाय विश्लेषणाला पाया मिळणार नाही.

सलाहची कारकीर्द सांगायची एक ठरावीक रीत पडून गेली आहे. लंडनच्या चेल्सी क्लबात तो अपयशी ठरला, इटलीत त्याला दुसरा जन्म मिळाला आणि इंग्लंडच्याच लिव्हरपूल क्लबने त्याला घडवले, असे तीन वाक्यांत सांगितले की समालोचक मोकळे होतात. या हिशेबाने सलाहचा जन्म जानेवारी 2014 मध्ये लंडनला झाला, असेच म्हणावे लागेल! प्रत्यक्षात तो 15 जून 1992 रोजी नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील नाग्रिग या गावी जन्मला. चेल्सीचे दार त्याने ओलांडले तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि खेळाडू म्हणून त्याची मूळ घडण पूर्ण झालेली होती. ती घडण इजिप्तने केली, हे आज मला ठासून सांगायचे आहे.

नाग्रिग हे घरबिया प्रांतातले, चमेलीच्या शेतीसाठी ओळखले जाणारे गाव असून ते कैरोपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. चौदाव्या वर्षी सलाहला कैरोच्या नस्र सिटी भागातील अल मोकावलून अल अरब या क्लबने निवडले. त्यानंतरची त्याची दिनचर्या त्याने स्वतः मुलाखतींतून सांगितली आहे. सकाळी सात ते नऊ शाळा. मग ‘या मुलाला लवकर जाऊ द्यावे’ अशा अर्थाचे अधिकृत पत्र दाखवून शाळेबाहेर पडायचे. नाग्रिगहून बासयून, बासयूनहून तांता, तांताहून कैरोचे रामसेस स्थानक आणि तेथून पुन्हा बस बदलून नस्र सिटी. दुपारच्या सरावाला वेळेवर पोहोचायचे म्हणजे चार-साडेचार तासांचा प्रवास, आणि सराव संपला की तितकाच प्रवास परतीचा. घरी यायला रात्रीचे दहा-साडेदहा वाजत. आठवड्यातून पाच दिवस हा क्रम चाले आणि तो काही वर्षे टिकला. या बसप्रवासाचा उल्लेख सलाहवरच्या प्रत्येक लेखात कष्टाची गोष्ट म्हणून येतो. मला मात्र या गोष्टीतली दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. रोज आठ-नऊ तास रस्त्यावर घालवून येणाऱ्या कोवळ्या मुलाला ज्या क्लबने टिकवून ठेवले, तो क्लब कोणता होता, हे कोणी विचारतच नाही.

इजिप्तचे फुटबॉल म्हणजे अल अहली आणि झमालेक हे दोन क्लब, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि लीगची बहुतेक विजेतेपदे पाहता ती चुकीचीही नाही. अल मोकावलून या दोघांच्या सावलीत राहिलेला क्लब आहे. अरब काँट्रॅक्टर्स या बांधकाम कंपनीने तो 1973 मध्ये स्थापन केला. अस्वानच्या मोठ्या धरणाच्या कामात प्रमुख वाटा असलेली, उस्मान अहमद उस्मान यांची ही कंपनी. या क्लबने 1982 आणि 1983 असे लागोपाठ दोनदा आफ्रिकेच्या ‘कप विनर्स कप’ स्पर्धेचे विजेतेपद मिळवले आणि 1983 मध्ये इजिप्तची लीगही जिंकली. कंपनीने क्लब चालवायचा ही गोष्ट आपल्याला नवी नाही. मुंबईच्या कुपरेज मैदानावर टाटा, महिंद्र, एअर इंडिया यांचे संघ पाहत वाढलेली मंडळी आज या सभागृहात नक्कीच असतील, आणि गोव्याच्या धेंपो व साळगावकर यांच्याविषयी तर वेगळे सांगायला नको. ज्या 2010 साली महिंद्र युनायटेड हा संघ बंद झाला, त्याच वर्षीच्या मे महिन्यात सलाह अल मोकावलूनच्या मुख्य संघाकडून इजिप्तच्या लीगमध्ये पहिला सामना खेळला. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. परंतु कंपनीचा क्लब जगला तर काय घडू शकते, याचा विचार या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की मनात आल्याशिवाय राहत नाही.

आता मूळ घडणीकडे येतो. कुमारवयात सलाहला डावा बचावपटू म्हणून खेळवले जात असे, कारण त्याचा डावा पाय चालायचा आणि डाव्या पायाच्या मुलाला डावीकडे उभे करणे हा सगळीकडचा रिवाज होता. त्या वयोगटाचे प्रशिक्षक सईद अल-शिशिनी यांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी आहे की, एनप्पी या क्लबविरुद्धचा सामना त्यांच्या संघाने चार गोलांनी जिंकला, सगळी मुले आनंदात होती आणि हा एकटा रडत बसला होता. मागून धावत येऊन त्याने गोलच्या अनेक संधी मिळवल्या होत्या आणि त्यातली एकही त्याला साधता आली नव्हती. अल-शिशिनींनी त्याच्या रडण्याचा अर्थ बरोबर ओळखला. त्यांनी त्याला बचावातून काढून पुढे, उजव्या बाजूला नेले. नंतर युरोपात ज्या जागेवरून त्याने गोलांची रास रचली, ती जागा त्याला रोममध्ये वा लिव्हरपूलमध्ये नव्हे, नस्र सिटीत मिळाली. माझ्या मते सलाहच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठा निर्णय हाच होय.

पुढे त्याला झमालेककडे जाण्याची शक्यता निर्माण झाली, परंतु त्या क्लबच्या तत्कालीन अध्यक्षांनी ‘या मुलाला अजून पुष्कळ तयारी करायची आहे’ अशा आशयाचे उत्तर जाहीरपणे दिले. त्यानंतर 1 फेब्रुवारी 2012 रोजी पोर्ट सैदच्या मैदानावर अल मसरी आणि अल अहली यांच्यातील सामन्यानंतर हिंसाचार उसळून 74 जणांचा बळी गेला. लीग थांबली आणि तो हंगाम पुरा झालाच नाही. खेळायला सामनेच उरले नसताना मार्चमध्ये स्वित्झर्लंडच्या बासेल क्लबने इजिप्तच्या 23 वर्षांखालील संघाशी एक मैत्रीपूर्ण सामना ठेवला. सलाह उत्तरार्धात उतरला, त्याने दोन गोल केले आणि महिन्याभरात त्याच्याशी करार झाला. त्याच्या मागोमाग त्याच अल मोकावलूनमधून मोहम्मद एल्नेनीही बासेलला गेला आणि तिथून इंग्लंडच्या आर्सेनल क्लबला पोहोचला. एका क्लबमधून असे दोघे निघाले, तेव्हा याला केवळ नशीब म्हणून कसे चालेल?

आणि चेल्सीचे म्हणाल तर बासेलकडून सलाहने त्यांच्यावर चार सामन्यांत तीन गोल केले होते, म्हणूनच त्यांनी त्याला घेतले. घेतल्यावर त्याला सर्व स्पर्धा मिळून 19 सामन्यांत उतरवले, तेही पुष्कळदा राखीव खेळाडू म्हणून. तेवढ्यातही आर्सेनलविरुद्धच्या 6–0 या विजयात त्याचा गोल आहे. संधी न मिळणे आणि अपयशी ठरणे यांतला फरक आपण विसरू नये. फेब्रुवारी 2015 मध्ये तो उसनवारीवर इटलीच्या फिओरेंतिना क्लबला गेला. तिथे त्याने 74 क्रमांकाची जर्सी मागून घेतली, पोर्ट सैदच्या मृतांच्या स्मरणार्थ. मार्चमध्ये ती घालूनच त्याने तुरिनला युव्हेंटसवर दोन गोल केले. त्यातला पहिला तर स्वतःच्या अर्ध्या मैदानातून चेंडू घेऊन, धावत्या बचावपटूंना मागे टाकत, थेट वरच्या जाळीत मारलेला. तो गोल ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आज घरी गेल्यावर अवश्य पाहावा.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे छापलेला विषय आता थोडक्यात उरकावा लागेल. डाव्या पायाचा खेळाडू उजवीकडे ठेवला की तो रेषेलगत न राहता आत वळतो आणि वळतानाच गोल त्याच्या बळकट पायासमोर येतो, इतके हे सूत्र साधे आहे. इटलीच्याच रोमा क्लबकडून 2016–17 च्या लीगमध्ये सलाहने 15 गोल केले आणि 11 गोलांसाठी पास दिले, म्हणजे तेव्हा तो अजून विंगर, बाजूने खेळणारा आघाडीवीर, होता. लिव्हरपूलमध्ये प्रशिक्षक यर्गन क्लॉप यांनी मधला आघाडीवीर फिर्मिनो याला मागे येऊ दिले, त्याच्यामागे बचावपटू ओढले गेले आणि मोकळ्या झालेल्या जागेत सलाह घुसू लागला. बाजूची रुंदी उजवा बचावपटू अलेक्झांडर-आर्नल्ड सांभाळत असे. या रचनेतून 2017–18 मध्ये 36 लीग सामन्यांत 32 गोल झाले, आणि 38 सामन्यांच्या प्रीमियर लीग हंगामाचा तो तेव्हाचा विक्रम होता. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांनी मन मोठे करून ऐकावे, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, 2024–25 मध्ये, त्याने लीगमध्ये 29 गोल केले आणि 18 गोलांसाठी पास दिले. रचना बदलल्या, प्रशिक्षक बदलले, परंतु आत वळण्याचा तो क्षण नेमका ओळखण्याची त्याची नजर तशीच राहिली.

राष्ट्रीय संघाविषयी दोनच मिनिटे बोलतो. 8 ऑक्टोबर 2017 रोजी बोर्ग अल अरब येथे काँगोविरुद्ध नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत त्याने मारलेल्या पेनल्टीने इजिप्तला 1990 नंतर प्रथमच विश्वचषकात प्रवेश मिळाला. तो विश्वचषक मात्र सुखाचा गेला नाही, कारण युरोपातील क्लबांच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेच्या अंतिम सामन्यात खांदा दुखावल्यामुळे उरुग्वेविरुद्धचा पहिला सामना, तोही आपल्या सव्विसाव्या वाढदिवशी, त्याने राखीव बाकावर बसून पाहिला. फेब्रुवारी 2022 मध्ये आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यात सेनेगलविरुद्ध पेनल्टींच्या यादीत तो पाचवा होता आणि त्याची पाळी येण्याआधीच निकाल लागला. त्याने पहिल्यांदा का मारली नाही, म्हणून टीका झाली. सातच आठवड्यांनी त्याच सेनेगलविरुद्ध, विश्वचषकाच्या पात्रतेसाठी, लेसरचे हिरवे झोत डोळ्यांवर घेत तो इजिप्तकडून सर्वांत आधी पुढे आला आणि चेंडू आडव्या दांड्यावरून गेला. चुकलेली ही पेनल्टी मी त्याच्या विरोधात कधीच धरणार नाही, कारण आदल्या टीकेला त्याने तोंडाने नव्हे, पुढे येऊन उत्तर दिले होते.

ऑक्टोबर 2025 मध्ये कासाब्लांकाला जिबूतीविरुद्ध त्याने दोन गोल केले आणि इजिप्त पुन्हा विश्वचषकाला पात्र ठरला. त्या दिवशी प्रशिक्षक होते हुसाम हसन, 1990 च्या विश्वचषकातले आघाडीवीर, अल अहली आणि झमालेक या दोघांकडूनही खेळलेले. आणि त्यांचा कर्णधार होता त्या दोन्ही क्लबकडून एकही सामना न खेळलेला, बांधकाम कंपनीच्या क्लबातून आलेला सलाह.